दृश्य प्रकाश, नॅनोकण आणि सेंद्रिय संयुगे: सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत एमएस्सीच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय सुचवताना मी गेली काही वर्षं दृश्य प्रकाश आणि नॅनोकणांच्या मदतीने सेंद्रिय संयुगं बनवण्याचा विषय आग्रहाने पुढे ठेवते. मग प्रश्न येतात. मुलांचे येतात, पालकांचे येतात, कुपवाडच्या एमआयडीसीत छोटे रासायनिक युनिट चालवणाऱ्यांचेही येतात. तेच प्रश्न फिरून फिरून येत असल्यामुळे उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. बारावीपर्यंतचं रसायनशास्त्र झालेल्या कुणालाही ती समजतील.

दृश्य प्रकाशाचा फोटोकॅटॅलिस्ट म्हणजे नेमकं काय?

अर्धवाहकाची अतिशय बारीक पूड. तिच्यावर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन पडला की एक इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली रिकामी जागा उरते. त्या जागेला होल म्हणतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन कुणाला तरी द्यायचा असतो आणि होलला कुणाकडून तरी इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा असतो. म्हणजे एकाच कणाच्या पृष्ठभागावर क्षपण आणि ऑक्सिडेशन दोन्ही करण्याची सोय होते. कण स्वतः जसाच्या तसा राहतो, म्हणून तो उत्प्रेरक.

दोन पट्ट्यांमधल्या अंतराला बँड गॅप म्हणतात आणि तो इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजतात. १२४० ला बँड गॅपने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये मिळतं. त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश त्या पदार्थाला उपयोगाचा नाही, मग दिवा कितीही प्रखर लावा. ओढा दोन अर्ध्या उड्यांत ओलांडता येत नाही, तसं हे आहे.

अतिनील दिवे मिळतात, मग दृश्य प्रकाशाचा हट्ट कशाला?

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून या क्षेत्राला वेग आला. पण टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपाचा बँड गॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाशच त्याला चालतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात असा अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो आणि दृश्य भाग चाळीस टक्क्यांच्या वर.

हे कारण सगळे सांगतात. संश्लेषण करणाऱ्यासाठी त्याहून मोठं कारण वेगळं आहे. बहुतेक सेंद्रिय रेणू स्वतःच अतिनील प्रकाश शोषतात. बेंझीनचं कडं आलं, कार्बोनिल आलं, की रेणू थेट उत्तेजित होतो आणि नको तिथे तुटतो. दृश्य प्रकाश या रेणूंना दिसतच नाही, तो फक्त उत्प्रेरकाला दिसतो. त्यामुळे प्रक्रिया कुठून सुरू व्हावी हे आपल्या हातात राहतं. सांडपाणी साफ करायचं असेल तर सगळंच जाळून कार्बन डायऑक्साइड केलेलं चालतं. संयुग बनवायचं असेल तर बरोबर हव्या त्या पायरीवर थांबावं लागतं. खरी कसोटी तिथेच आहे.

ही कल्पना नवी नाही. इटलीतल्या बोलोन्याच्या जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात धुराड्यांशिवाय, नुसत्या उन्हावर चालणाऱ्या रसायन उद्योगाचं चित्र मांडलं होतं. विद्यापीठाच्या गच्चीवर ते काचेच्या भांड्यांच्या रांगा उन्हात ठेवत. माझ्या मुलांना मी त्यांचा तो फोटो पहिल्याच दिवशी दाखवते.

जे काम गरम करून होतं ते प्रकाशाने कशाला करायचं?

४५० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनमध्ये मोलमागे सुमारे २६६ किलोज्यूल ऊर्जा असते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची सरासरी ऊर्जा मोलमागे २.५ किलोज्यूलच्या आसपास असते. गरम करताना आपण द्रावक, भांडं, उत्पादन, सगळ्यांनाच ऊर्जा देतो. प्रकाशात ती एका जागी, एका क्षणी मिळते. शिवाय आपल्या महाविद्यालयात अल्कोहोलचं ऑक्सिडेशन आजही क्रोमियम किंवा परमँगनेटने शिकवलं जातं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्याचा गाळ शेवटी कुठेतरी टाकावाच लागतो. हवेतला ऑक्सिजन आणि एक निळा दिवा यावर तेच काम होत असेल, तर ते शिकवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

यासाठी कोणते पदार्थ वापरतात?

कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप २.४, म्हणजे साधारण ५१५ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश चालतो. काम उत्तम, पण त्याचे होल त्याच्याच सल्फाइडला खातात, पूड झिजते आणि विषारी कॅडमियम द्रावणात उतरतं. पदव्युत्तर प्रकल्पाला मी ते देत नाही. बिस्मथ व्हॅनाडेट २.४ आणि टंगस्टन ट्रायऑक्साइड २.६ ते २.८, दोन्ही टिकाऊ आणि पिवळे. मात्र त्यांचा वरचा पट्टा इतका खाली आहे की ऑक्सिजनला एकेक इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवणं त्यांना जड जातं. तांबडा आयर्न ऑक्साइड, म्हणजे गेरूमधलाच पदार्थ, २.२ वर आहे आणि स्वस्त आहे. पण त्यातले होल पृष्ठभागावर पोचण्याआधीच विरून जातात.

सोन्याचे नॅनोकण निराळ्या वाटेने जातात. तिथे बँड गॅप नसतो. इलेक्ट्रॉनांचा समूह प्रकाशाबरोबर डोलतो आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपास जोरदार शोषण होतं, म्हणून सोन्याचं कलिल लाल दिसतं. फॅरडेंनी १८५७ मध्येच त्याचा अभ्यास केला होता.

आणि ग्राफायटिक कार्बन नायट्राइड. बँड गॅप २.७, मर्यादा ४६० नॅनोमीटर, धातू अजिबात नाही. २००९ पासून त्याच्याकडे जगाचं लक्ष गेलं. छोट्या प्रयोगशाळेसाठी माझी पहिली शिफारस हीच आहे.

कण जितका लहान तितका चांगला, बरोबर ना?

अर्धंच बरोबर. कण लहान झाला की पृष्ठभाग वाढतो. बाजारात मिळणाऱ्या पी-२५ टायटॅनियाचे, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या पुडीचे, कण सुमारे २१ नॅनोमीटरचे असतात आणि त्याच्या एका ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. इलेक्ट्रॉन आणि होल नॅनोसेकंदांच्या हिशेबात पुन्हा एकत्र येऊन वाया जातात, म्हणून पृष्ठभाग जवळ असणं फायद्याचं. पण कण काही नॅनोमीटरच्या खाली गेला की बँड गॅपच रुंदावतो आणि शोषण निळ्याकडे, मग अतिनीलकडे सरकतं. अशा अतिलहान अर्धवाहक कणांना, म्हणजे क्वांटम डॉट्सना, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हाच परिणाम आहे. शिवाय फार बारीक कणांत स्फटिकदोष जास्त असतात आणि त्या दोषांवर इलेक्ट्रॉन-होल अडकून पडतात. अतिबारीक पूड गाळतानाही छळते.

टायटॅनिया तर पांढराशुभ्र. मग निळ्या प्रकाशातही काही प्रक्रिया त्यावर होतात त्या कशा?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला फार आवडतो. पांढरा पदार्थ दृश्य प्रकाश शोषत नाही, हे खरं. पण बेंझिल अल्कोहोल किंवा बेंझिल अमाइन टायटॅनियाच्या पृष्ठभागावरच्या टायटॅनियमला चिकटतं तेव्हा रेणू आणि पृष्ठभाग मिळून एक नवं संकुल तयार होतं. एकट्या अल्कोहोलला रंग नाही, एकट्या टायटॅनियालाही नाही, पण दोघांच्या जोडीचं शोषण दृश्य भागात शिरतं. इलेक्ट्रॉन थेट चिकटलेल्या रेणूतून टायटॅनियाच्या वरच्या पट्ट्यात उडी मारतो.

याचा सुंदर परिणाम असा, की इथे टायटॅनियाचा तो अतिशय आक्रमक होल तयारच होत नाही. तो तयार झाला असता तर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवून सगळं फाडत सुटला असता. त्यामुळे अल्कोहोल अ‍ॅल्डिहाइडवर थांबतं, अमाइन इमाइनवर थांबतं. तयार झालेलं अ‍ॅल्डिहाइड पृष्ठभागाला तितकं घट्ट धरत नाही, ते सुटून द्रावणात जातं आणि वाचतं. म्हणून पृष्ठभागावर काय चिकटतं याचा विचार बँड गॅपइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांत बँड गॅपवर दहा पानं असतात आणि चिकटण्यावर एक ओळ. हे उलटं व्हावं असं मला वाटतं.

नायट्रोजन मिसळून टायटॅनिया पिवळा करतात, ते काय?

तोही मार्ग आहे. २००१ मध्ये नायट्रोजन मिसळलेल्या टायटॅनियाने दृश्य प्रकाशात काम केल्याचं प्रसिद्ध झालं आणि तिथून अशा मिश्रणांची लाट आली. रंग येतो हे नक्की. रंगाच्या प्रमाणात काम वाढतंच असं नाही, कारण मिसळलेले अणू अनेकदा सापळ्यांसारखे वागतात.

कार्बन नायट्राइड घरच्या घरी, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेत, करता येतं का?

येतं. झाकणाच्या मुशीत १० ग्रॅम युरिया घ्या. मफल फर्नेसमध्ये मिनिटाला ५ अंशांनी तापवत ५५० अंश सेल्सिअसला न्या, तीन-चार तास ठेवा, आपोआप थंड होऊ द्या. मूस उघडली की तळाशी फिकट पिवळी, हलकी, पोकळ पूड दिसते. बोटाने दाबली तर बसते. १० ग्रॅममधून अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच माल निघतो, बाकी सगळं वायू होऊन जातं. मेलामाइन घेतलं तर माल बराच जास्त मिळतो पण पूड जड आणि कमी पृष्ठभागाची होते. या सगळ्यात अमोनिया भरपूर सुटतो, त्यामुळे भट्टी धुराड्याखाली किंवा एक्झॉस्टजवळच हवी. मिळालेली पूड थरांची असते. ती पाण्यात अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवून किंवा हवेत पुन्हा ५०० अंशांना तापवून थर सुटे केले की खऱ्या अर्थाने नॅनो होते.

शेतातला युरिया चालेल का?

नाही. २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप असलेला येतो, आणि तो लेप भट्टीत तुमच्या नमुन्यात नको ते मिसळतो. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं कायद्याने गुन्हा आहे. प्रयोगशाळेच्या दर्जाची छोटी बाटली मागवा, ती काही महाग नसते.

पहिला प्रयोग कोणता करावा?

चार-मेथॉक्सीबेंझिल अल्कोहोलपासून अ‍ॅनिसाल्डिहाइड. मेथॉक्सी गटामुळे हे अल्कोहोल इलेक्ट्रॉन सहज देतं, म्हणून नवशिक्याला निराश करत नाही. अर्धा मिलिमोल, म्हणजे ६९ मिलिग्रॅम अल्कोहोल, ५० मिलिग्रॅम कार्बन नायट्राइड आणि १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल बोरोसिलिकेट काचेच्या नळीत घ्या. ऑक्सिजनचा फुगा लावा. आधी अर्धा तास अंधारात ढवळा, म्हणजे चिकटायचं ते चिकटून घेतं. मग ४५० नॅनोमीटरचे निळे एलईडी लावा. भांड्याभोवती एलईडीची पट्टी गुंडाळून, वरून एक पंखा लावला तरी चालतं. पंखा विसरू नका, कारण दिव्याची ऊब लागून जी प्रक्रिया होते ती प्रकाशाच्या नावावर जमा होते.

दर तासाला थेंबभर काढून सेंट्रिफ्यूज करा आणि टीएलसी, म्हणजे पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी, लावा. हेक्झेन आणि इथिल अ‍ॅसिटेट चारास एक घेतलं तर अल्कोहोलचा ठिपका खाली रेंगाळतो आणि अ‍ॅल्डिहाइडचा वर जातो. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दोन्ही गडद दिसतात. मग त्याच नमुन्यात डायनायट्रोफिनिलहायड्राझिनचे दोन थेंब टाका. अ‍ॅल्डिहाइड तयार झालं असेल तर द्रावण ढगाळतं आणि नारिंगी-लाल गाळ तळाशी बसू लागतो. मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते त्या क्षणी बघण्यासारखं असतं. प्रमाण किती हे मात्र गॅस क्रोमॅटोग्राफीनेच ठरवायचं, गाळाच्या रंगावरून नाही.

हे अल्कोहोल अ‍ॅल्डिहाइडवर का थांबतं? कार्बन नायट्राइडचा होल तितका तगडा नसतो. अल्कोहोलचं ऑक्सिडेशन त्याला जमतं, पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवणं जमत नाही. त्याचा इलेक्ट्रॉन मात्र ऑक्सिजनला सहज जातो. अशा मवाळ उत्प्रेरकाची संश्लेषणात किंमत आहे.

सगळे मिथिलीन ब्लूचा रंग उडवून दाखवतात. आम्हीही तेच केलं तर?

कृपा करून फक्त तेवढ्यावर थांबू नका. मिथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच प्रकाश शोषतो. दृश्य प्रकाशात त्याचा रंग उतरला तर काम तुमच्या उत्प्रेरकाने केलं, की रंगाने स्वतःच उत्तेजित होऊन उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन दिला आणि मग स्वतःच मोडला, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. रंग पुडीला चिकटूनही द्रावण फिकं होतं. पांढऱ्या, दृश्य प्रकाश अजिबात न शोषणाऱ्या पुडीवरही हा प्रयोग यशस्वी दिसू शकतो. मी परीक्षक म्हणून जाते तिथे हा प्रश्न विचारतेच, आणि मुलं गडबडतात. त्यांची चूक नसते, त्यांना तसं कुणी सांगितलेलं नसतं.

रंगहीन पदार्थ घ्या. आणि या चार गोष्टी कराच: अंधारात उत्प्रेरकासह, प्रकाशात उत्प्रेरकाशिवाय, नायट्रोजनखाली ऑक्सिजनशिवाय, आणि प्रकाश बंद ठेवून तितक्याच तापमानाला. त्यानंतर बेंझोक्विनोन टाकून सुपरऑक्साइड अडवा, अमोनियम ऑक्झलेट टाकून होल अडवा, आणि कशाने गती मंदावते ते बघा. जमलं तर दिव्याची तरंगलांबी बदलत जा. उत्पादनाचा आलेख उत्प्रेरकाच्या शोषणाच्या आलेखाबरोबर चढ-उतार करत असेल, तर तो खरा पुरावा. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, निळा, हिरवा आणि लाल एलईडी लागतो. ज्या महाविद्यालयात हे नियंत्रण-प्रयोग नेटाने होतात तिथलं साधं काम मला मोठ्या संस्थेतल्या चकचकीत पण अर्ध्या कामापेक्षा मोलाचं वाटतं.

उन्हात ठेवलं तर वीजही वाचेल ना?

वाचेल, पण मग त्याला दृश्य प्रकाशाचा प्रयोग म्हणू नका. बोरोसिलिकेट काचेतून सूर्याचा अतिनील भाग बऱ्यापैकी आत येतो. स्वस्त उपाय आहे: बाहेरच्या जॅकेटमध्ये सोडियम नायट्राइटचं एक मोलर द्रावण भरा, ते ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवतं. आटपाडी-जतकडे वर्षातले बरेच महिने आभाळ मोकळं असतं, तिथल्या मुलांनी गच्चीवर जरूर करून बघावं. सातारा-महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात ऊन विसरा. कुठेही असलात तरी तुलना करायची असेल तर एलईडीच बरा, कारण ढग दर मिनिटाला प्रकाश बदलतात.

हळद वापरता येईल का? सांगलीची आहे म्हणून विचारतो.

विचारायलाच हवं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास निळा-जांभळा प्रकाश भरभरून शोषतं. हळदीच्या अल्कोहोल-अर्कात टायटॅनियाची पूड बुडवली तर ती पिवळी होते आणि दृश्य प्रकाशात कर्क्युमिन टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देऊ शकतं.

पण साडीवरचा हळदीचा डाग उन्हात का उडतो, ते आठवा. कर्क्युमिन प्रकाशात मोडतं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांतल्या, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतल्या, अंधारात हळद राहते, उन्हात उघडी ठेवली तर तिचा रंग उतरतो. मोडल्यावर त्यातून व्हॅनिलिन आणि फेरुलिक आम्लासारखी संयुगं निघतात, आणि ती तुमच्या क्रोमॅटोग्रामवर येऊन बसतात. म्हणून हळदीचा असा प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन देणारा संवेदक करायचा असेल तर प्रत्येक तासाला कर्क्युमिन किती उरलं तेही मोजा. ते मोजून केलेला प्रकल्प उत्तम होईल. न मोजता केलेला पर्यावरणपूरक म्हणून मिरवू नये.

उसाचं काय?

वाळवा-कराड पट्ट्यासाठी ही दिशा मला फार महत्त्वाची वाटते. उसाच्या साखरेतून मिळणाऱ्या फ्रुक्टोजपासून आम्लाच्या मदतीने हायड्रॉक्सीमिथिलफुरफुराल मिळतं. त्याच्यावर एक अल्कोहोल गट असतो. तो दृश्य प्रकाशात कार्बन नायट्राइडवर अ‍ॅल्डिहाइडपर्यंत नेला की डायफॉर्मिलफ्युरान मिळतं, जे पॉलिमर आणि औषधांसाठी कच्चा माल आहे. बगॅसमधल्या, म्हणजे उसाच्या चोथ्यातल्या, पेंटोज साखरांपासून फुरफुराल तर जुन्या काळापासून काढतात. साखर आणि इथेनॉल यांच्या पलीकडे उसाची किंमत वाढवायची तर अशा संयुगांकडे बघावं लागेल.

रुथेनियमच्या संकुलांवर एवढं काम झालंय. मग नॅनोकण कशाला?

२००८ च्या सुमारास अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ मॅकमिलन आणि यून यांच्या गटांनी रुथेनियम बायपिरिडिन संकुल दृश्य प्रकाशात वापरून सेंद्रिय संश्लेषणाला नवं वळण दिलं, ते काम थोरच आहे. ते संकुल द्रावणात विरघळतं, त्यामुळे यंत्रणा नीट अभ्यासता येते. पण रुथेनियम आणि इरिडियम महाग, आणि उत्पादनातून वेगळं काढणं कटकटीचं. पूड गाळून परत वापरता येते. नाजूक, अनेक गट असलेल्या रेणूंसाठी आजही विरघळणारा उत्प्रेरक अधिक भरवशाचा आहे.

पाच वेळा वापरला, उत्पादन तेवढंच आलं. म्हणजे उत्प्रेरक टिकाऊ?

प्रत्येक वेळी प्रक्रिया शंभर टक्क्यांपर्यंत चालवली असेल तर नाही सांगता येत. बारा तासांत पूर्ण होणारी प्रक्रिया चोवीस तास चालवली तर निम्मा मेलेला उत्प्रेरकही शंभर टक्के दाखवतो. तीस-चाळीस टक्क्यांवर थांबवून वेग मोजा. आणि मध्येच पूड गाळून काढून नुसत्या द्रावणावर दिवा चालू ठेवा. प्रक्रिया पुढे गेली तर काहीतरी विरघळून उतरलं आहे.

कारखान्यात कधी येईल?

प्रकाशाने रसायनं बनवणं उद्योगाला नवं नाही. जपानमध्ये नायलॉनसाठीचं कॅप्रोलॅक्टम १९६० च्या दशकात प्रकाशाच्या मदतीने बनू लागलं. नॅनोकणांच्या पुडीवर मात्र दोन अडचणी आहेत.

पहिली विजेची. ४५० नॅनोमीटरचे एक मोल फोटॉन म्हणजे ०.०७४ युनिट. एलईडी निम्मी वीज प्रकाशात बदलतो असं धरलं तर ०.१५ युनिट. क्वांटम यील्ड, म्हणजे शंभर फोटॉनमागे किती रेणू बनतात ते प्रमाण, दहा टक्के असेल तर एक किलो बेंझाल्डिहाइडला साधारण १४ युनिट लागतील. एक टक्का असेल तर १४०. कुपवाडच्या उद्योजकाने मला पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमचा क्वांटम यील्ड किती?

दुसरी अडचण खोलीची. पुडीच्या गढूळ द्रावणात प्रकाश काही मिलिमीटरांतच संपतो. शंभर लिटरच्या टाकीला बाहेरून दिवे लावले तर आतला माल अंधारात फिरतो. उपाय म्हणजे बारीक नळीतून द्रावण वाहतं ठेवणं, किंवा काचेच्या मण्यांवर उत्प्रेरकाचा लेप देणं, म्हणजे गाळण्याचा प्रश्नही सुटतो. २०१२ मध्ये जर्मनीत अशाच वाहत्या प्रकाश-रिअ‍ॅक्टरमध्ये मलेरियावरचं आर्टेमिसिनिन बनवून दाखवलं, तिथे उत्प्रेरक विरघळणारा होता. महाग, थोड्या प्रमाणात लागणाऱ्या संयुगांपासून सुरुवात होईल असं माझं मत आहे.

तपासण्या कुठे करून मिळतील?

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघणं) आणि डिफ्यूज रिफ्लेक्टन्स (पुडीचं प्रकाशशोषण आणि बँड गॅप मोजणं) या दोन पहिल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्र आहे, टीईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी, आयआयटी मुंबईच्या केंद्रात नमुना पाठवता येतो. प्रक्रिया चालतेय याची खात्री झाल्यावरच टीईएमवर पैसे घाला.

धोके कोणते?

निळ्या एलईडीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, पिवळ्या-नारिंगी भिंगाचा चष्मा लावा. कोरडी नॅनोपूड हवेत उडते. टायटॅनिया श्वासातून गेल्यास माणसाला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ठेवलं आहे, म्हणून वजन करताना मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. ऑक्सिजनखाली ईथर किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हे द्रावक वापरू नका, पेरॉक्साइड साठतात. वापरलेली पूड बेसिनमध्ये ओतायची नाही. ओलीच ठेवून, झाकणाच्या बरणीत नावानिशी जमा करा आणि धातू असलेली वेगळी, नसलेली वेगळी अशी घातक कचऱ्याच्या गाडीला द्या.